नुसत्या सहीवर खेळाचे मार्क द्यावेत का?

गोदाकाठ: मी मराठवाड्यातल्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवतो. नव्या शैक्षणिक धोरणात खेळ, योगालाही एनएसएस-एनसीसीसारखे श्रेयांक (क्रेडिट) आले. पोरं येतात, हजेरीवर सही ठोकतात अन् गेटबाहेरच्या टपरीवर जाऊन बसतात. माझं म्हणणं, सहीला मार्क नकोतच. पहिल्या आठवड्यात १६०० मीटर पळवा, वेळ लिहून ठेवा. सत्राच्या शेवटी परत पळवा. जेवढी सुधारणा तेवढे मार्क. ढेरपोट्यालाही आशा राहते.

मोंढा_नाका: पोरं पळत नाहीत हे कुणी सांगितलं सर? पहाटे पाचला या. पोलीस भरतीवाले मोबाइलच्या उजेडात पळायलेत. तिथं १६०० मीटरला २० मार्क, १०० मीटरला १५, गोळ्याला १५. समोर वर्दी दिसते. तुमच्या श्रेयांकात काय दिसतं?

गोदाकाठ: म्हणजे मार्कांसाठीच पळतात की!

मोंढा_नाका: पगारासाठी, सर.

खांब_ते_खांब: 'पोरं पोरं' चाललंय, त्यात पोरी धरल्यात का? मी खो-खो खेळायचे. सराव साडेपाचला सुटायचा, गावाकडची शेवटची एसटी सव्वापाचची. कपडे बदलायला प्रयोगशाळेमागची खोली, तिला आतून कडी नाही. एकीनं दाराला पाठ लावून उभं राहायचं, दुसरीनं बदलायचं. दुसऱ्या वर्षी सोडलं. २०२० ला धाराशिवच्या सारिका काळेला खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा आनंद झाला अन् रात्रभर झोपही लागली नाही. मला प्रेरणा कमी नव्हती हो.

बालाघाट: ज्याला खेळायचं तो कडी शोधत बसत नाही. आमच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे कुठल्या ट्रॅकवर वाढला? २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुलात ३००० मीटर स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचं, रौप्य आणलं. जिद्द लागते.

मोंढा_नाका: साबळे बारावीनंतर फौजेत गेला, अन् स्टीपलचेस पळायला लागला तो तिथंच. खुराक, कोच, सराव सगळं फौजेचं. हे उदाहरण तुमच्यावरच उलटतंय.

बालाघाट: बरं, फौजेचं मान्य. पण शाळेला पायी पळत जायचा ते कुणी शिकवलं?

खांब_ते_खांब: पळत जायचा, कारण गाडी नव्हती. त्याला जिद्द म्हणून वर कशाला मिरवायचं?

गोदाकाठ: ताई, एसटीचं डोक्यातच आलं नव्हतं. मुलींचा सराव दुपारच्या सुट्टीत घेतला तर?

खांब_ते_खांब: दुपारी? मार्चात? आधी त्या मैदानावर अनवाणी उभं राहून दाखवा. सकाळची पहिली गाडी साडेसातला पोचते, तासिका साडेआठला. तो एक तास घ्या. अन् कडीचं?

गोदाकाठ: उद्याच बसवतो. सामान माझ्या खिशातून. मंजुरीची वाट बघत बसलो तर सत्र संपेल.