फ्रेम साधी, गिअर बॅटरीवरचे. हा वेडेपणा आहे का?

गंगापूररोडवाला

नवीन सायकल जुळवतोय. तयार घेणार नाही, एकेक भाग आणून बांधणार. बजेट दोन लाखांच्या आत. चाकं आहेत, जुन्या डिस्कवाल्या सायकलची. ग्रुपमध्ये सांगितलं तर सगळ्यांचं एकच पालुपद, आधी कार्बन फ्रेम घे, गिअर काय नंतरही बदलता येतात. माझं मत बरोबर उलटं आहे, म्हणून इथे टाकतोय. काय फाडायचं ते फाडा.

फ्रेम ॲल्युमिनियमची, फोर्क तेवढा कार्बनचा, आणि वाचलेला पैसा इलेक्ट्रॉनिक शिफ्टिंगला.

हिशेब साधा आहे. मध्यम प्रतीची कार्बन फ्रेम ॲल्युमिनियमपेक्षा पाचसहाशे ग्रॅमनी हलकी भरते. मी, सायकल आणि दोन भरलेल्या बाटल्या मिळून ९० किलो. त्यात ६०० ग्रॅम म्हणजे पाऊण टक्काही नाही. अर्ध्या तासाच्या चढाला फार तर १२ सेकंद. अंजनेरीला त्याहून जास्त वेळ माझा नाक पुसण्यात जातो.

गिअर मात्र दर मिनिटाला हाताखाली असतो. पावसाळ्यात त्र्यंबक रोडने या, दोन आठवड्यांत केबलच्या आवरणात चिखल शिरतो आणि गिअर पडायला उशीर लागतो. त्यात सध्या सिंहस्थाच्या कामांनी रस्ते उकरून ठेवलेत. डीआय-टूमध्ये, म्हणजे शिमानोच्या इलेक्ट्रॉनिक शिफ्टिंगमध्ये, ओढायला केबलच नाही. मागे गिअर बदलला की पुढचा डिरेलर (चेन सरकवणारा भाग) स्वतःहून थोडा सरकतो, चेन घासत नाही. रोड सायकलींत २००९ साली हे फक्त शिमानोच्या सगळ्यात महाग ड्युरा-एसला होतं, २०११ ला त्याखालच्या अल्टेग्राला आलं. मग २०२१ ला दुसऱ्या कंपनीचा, स्रॅमचा, रायव्हल एएक्सएस आला, २०२२ ला शिमानोचा १०५ डीआय-टू. म्हणजे आत्ता कुठे ते आपल्या खिशाच्या जवळपास आलंय, आणि नेमकं आत्ताच लोक म्हणतात फ्रेमला पैसे घाल!

कसारा_घाटकरी

भाऊ, फ्रेमचं पटलं. गिअरचं अजिबात नाही.

तुम्ही फिरता कुठे ते सांगा आधी. गंगापूर धरण आणि परत असेल तर काहीही लावा. पण ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला, करणार असाल तर ६०० किमीला ४० तास मिळतात, त्यातली एक अख्खी रात्र रस्त्यावर असते. केबल तुटली तर काय होतं? मागचा डिरेलर सगळ्यात छोट्या कॉगवर (दातेरी चक्रावर) जाऊन बसतो. स्क्रूड्रायव्हरने लिमिट स्क्रू आत फिरवायचा, चेन दुसऱ्या-तिसऱ्या कॉगवर येते, आणि पुढच्या गावापर्यंत माणूस पोचतो. मी घोटीत एका साध्या सायकल दुकानातून केबल घेतलीय, तीही गिअरचीच, ब्रेकची नाही. दोन-तीनशेच्या आत काम. आता घोटीत जाऊन डीआय-टूची वायर मागून बघा. दुकानदार आधी तुम्हाला चहा पाजेल, मग शेजारच्याला बोलावून तुम्हाला दाखवेल.

आणि नाशिकचं उदाहरण द्यायचं तर महाजन बंधूंचं कोणीतरी देणारच, म्हणून आधीच सांगतो. २०१५ ला त्यांनी दोघांत मिळून रॅम (रेस अक्रॉस अमेरिका) पूर्ण केली, अख्खी अमेरिका आडवी. मानलंच पाहिजे. पण रॅममध्ये मागे गाडी असते, क्रू असतो, सामान असतं. तुमच्या मागे कोण असणार आहे?

गंगापूररोडवाला

घाटकरी, बॅटरी काय अचानक मरत नाही हो. शिमानोचा दावा एका चार्जला साधारण १००० किमीचा आहे. निम्मा धरला तरी एका ब्रेव्हेचं काम होतं. उतरत चालली की आधी पुढचा डिरेलर बंद पडतो, मागचा त्यानंतरही काही वेळ चालतो. म्हणजे इशारा मिळतो. केबल तुटताना तुम्हाला काय इशारा मिळाला होता?

कसारा_घाटकरी

मिळतो की. शिफ्टरच्या आत केबलचे धागे एकेक तुटायला लागतात तेव्हा गिअर नखरे करतो. ज्याला कळत नाही त्याची तुटते. माझी तुटली नव्हती, वेळेवर बदलली.

तुमच्या त्या बॅटरीबद्दल एक विचारतो. डीआय-टूची बॅटरी सीटपोस्टच्या आत असते. रस्त्यात बदलणार कशी? त्या बाबतीत स्रॅम बरा. प्रत्येक डिरेलरवर स्वतःची बॅटरी, खटकन निघते. मागची संपली तर पुढची काढून मागे लावा आणि घरी या. शिफ्टरमध्ये सीआर२०३२ चा सेल, तो मेन रोडला घड्याळाच्या कुठल्याही दुकानात मिळतो, गाडीच्या किल्लीतही तोच असतो. म्हणजे इलेक्ट्रॉनिकच घ्यायचं ठरलं असेल तर निदान ते घ्या. वायरही नको, फ्रेमला भोकंही नकोत.

अंबडकर

दोघं गिअरवर भांडताय, फ्रेमचा विषय तसाच राहिला. मी अंबड एमआयडीसीत मशीन शॉपला आयुष्य घालवलंय, सायकलचा नाद चाळिशीनंतर लागला. माझं म्हणणं असं की स्वस्त फ्रेम घ्यायला हरकत नाही, वाकडी घेऊ नका. आणि १२ स्पीड (मागे बारा कॉग) इलेक्ट्रॉनिक लावणार असाल तर वाकडेपणाला माफी नाही.

कारण सांगतो. ८ स्पीडच्या कॅसेटला (मागच्या कॉगच्या गठ्ठ्याला) एका कॉगपासून दुसऱ्याचं अंतर ४.८ मिमी असतं. १२ ला ते साडेतीनच्या आसपास येतं. हँगर (मागचा डिरेलर टांगतात तो तुकडा) जरा आत वळलेला असला तरी जुन्या सायकलला काही वाटायचं नाही. इथे मोटर दर वेळी ठरलेलं तेवढंच अंतर सरकते. तुम्ही ॲपमधून मधल्या कॉगला जुळवलंत की टोकाच्या कॉगला कुरकुर, टोकाला जुळवलंत की मध्ये. मग लोक म्हणतात सिस्टिम खराब.

फ्रेम हातात आली की हे करा. एक बारीक मजबूत दोरा घ्या. मागच्या एका ड्रॉपआउटला (एक्सल बसतो ती जागा) बांधा, हेड ट्यूबला (हँडलखालची नळी) पुढून वळसा घाला आणि दुसऱ्या ड्रॉपआउटला ताणून बांधा. आता सीट ट्यूबच्या डाव्या बाजूचं दोऱ्यापर्यंतचं अंतर मोजा, मग उजव्या बाजूचं. एखाद मिलिमीटरचा फरक चालेल. तीन-चार निघाला तर फ्रेम परत. पट्टीने नका मोजू, व्हर्नियर लावा.

हँगरसाठी गेज मिळतो, हँगरच्या आट्यांत बसणारा लांब दांडा. रिमवरचा एकच बिंदू धरायचा, समजा व्हॉल्व्हची जागा. चाक फिरवून तो बिंदू वर, खाली, पुढे, मागे आणायचा आणि दर वेळी दांड्याच्या टोकापासून अंतर बघायचं. बिंदू तोच असल्यामुळे रिम थोडी डुगडुगत असली तरी माप बिघडत नाही. हे काम वीस मिनिटांचं आहे आणि दुकानात ते शंभरातले नव्वद जण करत नाहीत.

बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस फिरतो तो) आट्यांचाच घ्या. प्रेस-फिटला, म्हणजे नुसत्या दाबून बसवायच्या प्रकाराला, शेल गोल आणि नेमक्या मापाचा लागतो, आणि स्वस्त फ्रेममध्ये पहिली काटकसर तिथेच होते. मग कचकच सुरू, आणि ती कुठून येते ते शोधण्यात पावसाळा जातो.

पेडलपुराण

सगळं शास्त्रशुद्ध आहे, पण मूळ प्रश्नच चुकीचा आहे असं माझं मत. सुटे भाग घेऊन स्वस्तात सायकल बांधता येते हा भ्रम आहे. कंपनी हजारोंनी ग्रुपसेट (गिअर-ब्रेकचा अख्खा संच) उचलते, तुम्ही एक. तयार सायकलवरचं आयात शुल्क २०२३ च्या अर्थसंकल्पात ३० वरून ३५ टक्के केलं होतं, तरीसुद्धा १०५ डीआय-टूवाली तयार ॲल्युमिनियम सायकल तुमच्या जुळवाजुळवीपेक्षा महाग पडेलच असं नाही. तुमच्या यादीत बार टेप, हेडसेटचे (हँडलच्या बेअरिंगचे) स्पेसर, ऑइल आणि ब्लीड किट (ब्रेकच्या पाइपमधली हवा काढायचं) धरलंय का? हायड्रॉलिक ब्रेक घरी ब्लीड करणार का कोणाकडे नेणार? सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तो फायदा दोन्हीकडे सारखाच.

आणि १०५ डीआय-टू फक्त डिस्कचा येतो. तुमची चाकं डिस्कची आहेत म्हणून निभावलं. शिमानोची १२ स्पीड रोड कॅसेट ११ स्पीडच्या हबवर बसते, तेही बरं. रायव्हलला मात्र १० दात्यांचा कॉग असतो, त्याला एक्सडीआर फ्रीहब (हबचा कॅसेट बसते तो भाग) लागतो. जुन्या हबला तो मिळाला नाही तर चाकही नवीन. घाटकरींनी स्रॅम सुचवताना हे सांगितलं नाही.

कसारा_घाटकरी

मी कुठे घ्या म्हणालो, 'घ्यायचंच ठरलं असेल तर' म्हणालो. माझं मत अजून मेकॅनिकलच. १०५ चं १२ स्पीड मेकॅनिकल २०२३ ला आलंय, कोणी त्याचं नाव पण काढत नाही.

डॉक्टरीणबाई

घाटकरी दादा, तुमचे हात बरे आहेत म्हणून तुम्ही असं बोलता.

मला अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे. लांब चढ-उताराचा रस्ता असला, समजा सापुतारा, की परतीला मोठ्या चेनरिंगवर, म्हणजे पुढच्या मोठ्या चक्रावर, चेन चढवताना मेकॅनिकल लिव्हर पूर्ण आत ढकलावा लागतो, आणि तेव्हा डोळ्यांत पाणी येतं. इलेक्ट्रॉनिकला बोटाचा स्पर्श पुरतो. बटणाला काय काम द्यायचं ते ॲपमधून बदलता येतं, मी पुढचा गिअर डाव्या हाताच्या सगळ्यात सोप्या बटणावर ठेवलाय. हिवाळ्यात पहाटे हातमोजे घालूनही चालतं. हे सगळं 'चैन' या सदरात टाकणाऱ्यांनी एकदा माझ्या हातांनी भाकऱ्या थापून बघाव्यात.

फ्रेमबद्दल एकच. ॲल्युमिनियम की कार्बन हे नंतर, आधी स्टॅक आणि रीच, म्हणजे फ्रेमची उंची आणि लांबी, बघा. मी पाच फूट एक इंच. सेलमध्ये जी फ्रेम स्वस्त मिळते ती बहुतेक वेळा ५६ किंवा ५८ ची, म्हणजे उंच माणसाच्या मापाची असते. मग लोक छोटा स्टेम (हँडल धरणारा तुकडा) लावून भागवतात, मान आणि मनगट वर्षभर बोंबलतं आणि माझ्याकडे येतात.

कसारा_घाटकरी

ताई, तुमच्या बाबतीत बिनशर्त मान्य. ज्याला दुखतं त्याने घ्यावं. गंगापूररोडवाल्यांना दुखत नाही ना पण. त्यांना चिखलाचा कंटाळा आहे. त्यावर उपाय म्हणजे टोकापर्यंत अखंड आवरण आणि पावसाळा संपला की नवी केबल.

उगाच_आगाऊ

चिनी इलेक्ट्रॉनिकबद्दल कोणीच का बोलत नाही? व्हीलटॉपचा ईडीएस, एल-टूचा ईआरएक्स. शिमानोच्या कितीतरी खाली किंमत. व्हीलटॉपला तर किती स्पीडची कॅसेट आहे ते ॲपमध्ये सांगायचं, झालं. जुनी कॅसेट, जुनी चेन, सगळं चालतं. फ्रेमपण तिकडूनच कार्बनची मागवा, दोन लाखांत दोन सायकली होतील.

पेडलपुराण

एक होईल आणि एकीचे भाग दुसरीला लावाल.

चेष्टा बाजूला ठेवू. डिरेलर दगडावर आपटला तर त्याचा सुटा केज (चेन ताणून धरणारा भाग) तुम्हाला नाशिकमध्ये सोडा, पुण्या-मुंबईत तरी मिळेल का? वॉरंटीचा दावा कोणाकडे करणार, कुरियरवाल्याकडे? साच्यातून निघालेली बिननावाची कार्बन फ्रेम चांगली असूही शकते, पण ड्रॉपआउटपाशी आत किती थर आहेत ते तुम्हाला बाहेरून दिसणार नाही. ॲल्युमिनियमची निदान वेल्डिंग डोळ्यांनी बघता येते.

अंबडकर

वेल्डिंग दिसते, आतली भेग दिसत नाही, हे पण लक्षात असू द्या. पण मुद्दा मान्य. आणि आगाऊराव, ज्या कंपनीचा हँगर तुम्हाला आज मिळत नाही तो दोन वर्षांनी मिळेल असं का वाटतं? तसा मी मिलिंगवर काढून देईन, पण दर वेळी नाही हां.

उगाच_आगाऊ

काका, मग तुमच्याकडे रांग लागेल. धंदा सुरू करा, मी पहिला गिऱ्हाईक.

गंगापूररोडवाला

बरंच पदरात पडलं. मी इलेक्ट्रॉनिकवरच ठाम आहे, १०५ डीआय-टू. फ्रीहबचा खर्च वाचतो हे पेडलपुराणांमुळे पक्कं झालं. तयार सायकलीचा त्यांचा मुद्दा किमतीला बरोबर असेल, पण मला हवा तो क्रँक आणि हँडल तयार सायकलीत येत नाही, आणि बांधण्यातली मजा कोणत्या रकान्यात लिहू?

फ्रेमच्या यादीत मात्र काटछाट केली. दोन फ्रेममध्ये ब्रेकचे पाइप हेडसेटमधून आत जातात. दिसायला झकास, पण वरचा बेअरिंग बदलायचा तर ब्रेकचा पाइप सोडवून परत ब्लीड करायचा. नाशिकच्या पावसात बेअरिंग किती टिकतो ते सगळ्यांना माहीत आहे. त्या बाद. आता उरली ती डाउन ट्यूबमधून पाइप जाणारी, आट्यांच्या बॉटम ब्रॅकेटची. तिच्यासोबत दोन हँगर जास्तीचे मागवतोय. काका, फ्रेम आली की दोरा लावायला तुमच्याकडे आणू का? रंगही बदलायचाय, तुमच्या भागात पावडर कोटिंगवाले आहेत ना?

अंबडकर

आणा. रविवारी नको, दुकान बंद असतं. सोबत मागचं चाक आणि एक्सल आणा, नुसत्या फ्रेमवर हँगर बघता येत नाही. आधी माप, मग रंग. आणि कोटिंगवाल्याकडे देण्याआधी बॉटम ब्रॅकेटच्या आट्या, हेडसेटची बैठक आणि ब्रेक बसतो ती सपाट जागा झाकून द्या, नाहीतर आट्यांत पावडर भाजून बसते आणि मग टॅप घालत बसावं लागतं. पावडर भट्टीत जाते तेव्हा कार्बन फोर्क घरी ठेवा. हसू नका, एकाने आणला होता.

कसारा_घाटकरी

आणि ब्रेव्हेला याल तेव्हा ती चार्जिंगची वायर स्वतःची आणा. मोबाइलची चालत नाही तिला, आणि माझ्या पिशवीत फक्त केबल असते.