उन्हाळी सुट्टीत बुद्धिबळ / गणित / विज्ञानाचे क्लास: अनुभव सांगा (पुणे, सिंहगड रोड)

चिंचगूळ | ९ एप्रिल, रात्री ११:४०
मुलीची चौथी संपतेय, मुलगा दुसरीत आहे. परीक्षा एप्रिलअखेर संपेल, त्यानंतर दीड महिना दोघं घरी. आम्ही दोघंही नोकरीवर. सासूबाई आहेत, पण जानेवारीत गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना ह्या दोघांच्या मागे धावता येणार नाही. म्हणून सकाळी दोन-तीन तास जातील असं काहीतरी हवंय.
मुलगी सोसायटीत बुद्धिबळ खेळते, बरं खेळते म्हणतात. गणित म्हटलं की तिचं पोट दुखतं. मुलाला घरातली प्रत्येक वस्तू उघडून बघायची असते. गेल्या आठवड्यात वजनकाटा उघडला, आता घरात सगळ्यांचं वजन शून्य येतं.
बजेट दोघांचं मिळून महिन्याला ५,०००. धायरी, वडगाव, फार तर आनंदनगर. कृपया एवढं लक्षात घेऊन सांगा.

घोडा_अडीच | १० एप्रिल, सकाळी ७:१२
बुद्धीबळ असेल तर ग्रुप क्लासच्या भानगडीत पडू नका, सरळ वैयक्तिक कोच लावा. माझ्या मुलाला ऑनलाइन कोच आहे, ९०० रुपये तासाला, आठवड्यातून तीन तास. आठ महिन्यांत फिडे रेटिंग (जागतिक बुद्धिबळ संघटनेचं मानांकन) मिळालं, १४०० च्या वर आहे. ग्रुपमध्ये वीस पोरं आणि एक सर, नुसता गोंधळ.

आगाऊ_कार्टं | १० एप्रिल, सकाळी ८:०५
ओ घोडेस्वार, मार्च २०२४ पासून फिडेचं रेटिंग १४०० च्या खाली नसतंच. ज्याला मिळतं त्याला तिथून वरच मिळतं. दिवा घ्या (म्हणजे हलकेच घ्या).

पूर्णविराम | १० एप्रिल, सकाळी ८:३१
बुद्धिबळ. धि ऱ्हस्व.

घोडा_अडीच | १० एप्रिल, सकाळी ८:४०
@आगाऊ_कार्टं, मिळवून दाखवा मग बोलू.

संत्रा_बर्फी | १० एप्रिल, सकाळी १०:२०
आमच्या नागपूरची दिव्या देशमुख बघा. जुलै २०२५, जॉर्जियातलं बाटुमी, महिला विश्वचषकाची फायनल. कोनेरू हंपीसारखी समोर, दोन्ही मोठे डाव बरोबरीत, टायब्रेकमध्ये पोरीने काढला. विश्वचषक तर आलाच, वर थेट ग्रँडमास्टर. वय १९! त्या रात्री आमच्या गल्लीत कोणाला कॅसलिंग कशाशी खातात माहीत नाही, तरी पेढे वाटले. मुलीला नक्की घाला बुद्धीबळाला.

चिंचगूळ | १० एप्रिल, दुपारी १:१५
धन्यवाद, पण मी पुण्यात आहे :) आणि घोडा_अडीच, ९०० गुणिले बारा म्हणजे एकटीचेच १०,८०० झाले की हो.

हळदबाजार | १० एप्रिल, दुपारी ३:०२
सांगलीकर हजर. आमच्याकडे भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ, त्यामुळे हा खेळ पाण्यातूनच येतो म्हणायचा. पण क्लास शोधण्याआधी एक गोष्ट तपासा: मुलगी कुठल्या नियमांनी खेळते?
का विचारतोय ते सांगतो. माझ्या मुलाला माझ्या वडिलांनी शिकवलं, देशी पद्धतीने. प्यादं एका वेळी एकच घर. राजाला शह लागला नसेल तर त्याला एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी. आणि प्यादं ज्याच्या घरात पोचेल ते मोहरं होणार, म्हणजे हत्तीच्या घरात गेलं तर हत्तीच, वजीर नाही. पोरगं घरात सगळ्यांना हरवायचं. मोठ्या हौसेने स्पर्धेत नेलं. पहिल्याच डावात ह्याने राजा उचलला आणि घोड्यासारखा ठेवला. समोरच्या मुलीने शांतपणे हात वर केला, पंच आले, तिला दोन मिनिटं वाढवून दिली. माझ्या चिरंजीवांना वाटलं पंचांना नियम माहीत नाही. पुढे पुन्हा केलं. दुसऱ्यांदा बेकायदा चाल म्हणजे डाव गेला.
घरी आल्यावर वडील म्हणाले, "पंच कोण होता? पुण्याचा असणार." अजून दोघं एकमेकांशी देशीच खेळतात.

चिंचगूळ | १० एप्रिल, दुपारी ३:४०
अरे देवा. विचारते तिला. वॉचमनकाकांकडून शिकली आहे, ते सोलापूरचे.

बे_एरिया_काकू | १० एप्रिल, रात्री ११:५५
इथे तर जानेवारीतच समर कॅम्पची नोंदणी संपते! माझ्या नातवाच्या सायन्स कॅम्पला आठवड्याला ४०० डॉलर पडतात, डबा आपला आपण द्यायचा. रॉकेट करतात, स्लाइम करतात. गेल्या वर्षीचा स्लाइम अजून गालिच्यातून निघाला नाही. मुलांवर खर्च करताना हात आखडू नये गं.

खडूफळा | ११ एप्रिल, सकाळी ६:३०
छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलं. ज्या मुलीचं गणित म्हटल्यावर पोट दुखतं तिला सुट्टीत गणिताच्या क्लासला घालणं म्हणजे पोट बिघडलेल्याला श्रीखंड वाढणं. कागद-पेन्सिल द्या आणि हे सांगा:
चार अंकी कुठलीही संख्या घे, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लाव, मग चढत्या क्रमाने लाव, वजा कर. जे येईल त्याचं पुन्हा तेच.
३५२४ घेऊ. ५४३२ वजा २३४५ = ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ = ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ = ६१७४. आता ६१७४ चं करा: ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोचताच. ०३७८ मधला शून्य पोरं हमखास खातात, तेवढं बघा.
हे शोधलं दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी, देवळालीचे शाळामास्तर. एक दुपार निघते. ती "६१७४ न येणारा" आकडा शोधत बसेल आणि वजाबाकीची पन्नास गणितं आपणहून करेल. फी शून्य.

मध्य_रेल्वे | ११ एप्रिल, सकाळी ९:१०
अवांतर: कापरेकरांच्या डेम्लो संख्या (त्यांचाच आणखी एक शोध) आमच्या डोंबिवलीवरून आहेत! स्टेशनचं जुनं नाव डेम्लो. आता त्या स्टेशनवर उभं राहायला जागा नाही, संख्या कुठून सुचणार.

शून्यवाटी | ११ एप्रिल, सकाळी १०:४५
वैदिक गणिताचा क्लास लावा. माझ्या मुलीला गुणाकार तोंडी येतात. आपलं प्राचीन ज्ञान आहे, शाळेत शिकवत नाहीत हे दुर्दैव.

आगाऊ_कार्टं | ११ एप्रिल, सकाळी १०:५२
प्राचीन म्हणजे १९६५. भारती कृष्ण तीर्थांचं पुस्तक तेव्हा आलं, त्यातली सूत्रं वेदांत सापडत नाहीत.

शून्यवाटी | ११ एप्रिल, सकाळी ११:०३
तुम्ही चारही वेद वाचलेत का?

आगाऊ_कार्टं | ११ एप्रिल, सकाळी ११:०५
तुम्ही?

*(यानंतरचे १९ प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. — संपादक)*

बे_एके_बे | ११ एप्रिल, दुपारी २:२०
क्लास चालवणाऱ्या बाजूने लिहिते, मी पाच वर्षं ॲबॅकस शिकवलं आणि सोडलं. घालू नका. मुलं बेरीज-वजाबाकी भराभर करतात, आयांचे डोळे पाणावतात. पण "एका पिशवीत ३ डझन आंबे, ५ पिशव्या" म्हटलं की बेरीज करू की गुणाकार, हे मलाच विचारायची. बोटं पळतात, डोकं बसलेलं. शिवाय एक लेव्हल झाली की दुसरी, संपतच नाही.

लिंबूसोडा | ११ एप्रिल, दुपारी २:४१
+१. ॲबॅकस अजिबात नको. आमच्याकडे तो मण्यांचा प्रकार आता माळ्यावर आहे, इस्त्रीच्या जुन्या टेबलामागे.
कोडिंगलाही नको. मी फसलोय. "फ्री डेमो" म्हणून फोन आला, समोरचा माणूस माझ्या सात वर्षांच्या मुलीला म्हणाला, "तू ॲप बनवणार ना?" ती हो म्हणाली. तिला ॲप म्हणजे पापड वाटत असावा. पण बायकोसमोर मला नाही म्हणता येईना. ४२ हजार, हप्त्यांवर. चार क्लासनंतर टीचर बदलली, सहाव्यानंतर मुलगी कंटाळली, हप्ते मात्र वेळेवर. पैसे परत मागितले तर दर वेळी नवा माणूस फोनवर, आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगायचं. कुठलीही फी महिन्याची महिन्यालाच भरा. हे एवढं तरी माझं ऐका.

सोनचाफा_७ | ११ एप्रिल, दुपारी ४:१०
होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेची तयारी आत्ताच सुरू करा. सहावीला असते, म्हणजे एकच वर्ष मध्ये. माझ्या भाच्याला मेडल आहे. आयुकाचा (पुण्यातली खगोलशास्त्राची संस्था) उन्हाळी कार्यक्रमही चौकशी करून ठेवा, आणि भास्कराचार्य प्रतिष्ठान.

खडूफळा | ११ एप्रिल, दुपारी ४:३०
सोनचाफा, आयुकाचा तो कार्यक्रम आठवी-नववीच्या मुलांसाठी असतो. भास्कराचार्य प्रतिष्ठान गणित ऑलिंपियाडवाल्यांसाठी नावाजलेलं. बाईंचा मुलगा दुसरीत आहे. तो सध्या वजनकाटे उघडतोय.

तारखंड | ११ एप्रिल, रात्री ९:५०
त्या मुलासाठीच लिहितो, कारण माझा असाच आहे. विज्ञानाच्या "वर्कशॉप"ला ३,५०० भरले होते. ताई प्रयोग करणार, मुलं टाळ्या वाजवणार, शेवटी प्रमाणपत्र. हात लावायचा नाही.
त्यापेक्षा अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर जा. ते आयुकात होते, टाकाऊतून खेळणी, मराठीतही आहे, सगळं फुकट. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे घेऊन त्रिकोण-चौकोन जोडा. चौकोन दाबला की वाकडा होतो, त्रिकोण होत नाही, हे मुलगा स्वतः शोधतो.
मग मोटर: एक सेल, दोन सेफ्टी पिना रबरबँडने सेलच्या दोन टोकांना, वर एक लोहचुंबक, आणि मुलामा दिलेल्या तांब्याच्या तारेची गुंडाळी पिनांच्या भोकांत. आमची दोन दिवस फिरली नाही, नुसती थरथरायची. मी सेल बदलला, चुंबक बदलला, दुकानदाराला शिव्या दिल्या. चूक माझीच. तारेच्या एका टोकावरचा मुलामा पूर्ण खरवडायचा आणि दुसऱ्या टोकावरचा फक्त अर्ध्या बाजूचा. मी इंजिनियर असल्याने दोन्ही टोकं चकचकीत केली होती. मग गुंडाळीला अर्धा फेरा पुढचा धक्का मिळतो आणि अर्धा फेरा मागचा, ती बिचारी जागेवरच डुलते. अर्धं सोडलं की तेवढा वेळ करंट बंद, आपल्या वेगाने पुढे जाते. न फिरता जोडून ठेवू नका, तार तापते.
सगळं मिळून शंभर रुपयेही लागले नाहीत. सेफ्टी पिना बायकोच्या साडीच्या.

चिंचगूळ | १२ एप्रिल, रात्री १२:१०
@तारखंड, सुंदर! पण हे सगळं सकाळी दहा वाजता कोण करणार, मी ऑफिसात असते. शनिवारी करू.
बजेट पुन्हा लिहिते. पाच हजार. दोघांचं. महिन्याला.

बे_एरिया_काकू | १२ एप्रिल, सकाळी ६:०२
दोघांना रोबोटिक्स किट घेऊन दे ना. मी येताना आणू का? बॅगेत पाच किलो जागा आहे.

आगाऊ_कार्टं | १२ एप्रिल, सकाळी ८:२०
गंभीरपणे: बुद्धिबळासाठी लिचेस ही वेबसाइट वापरा. पूर्ण फुकट, जाहिराती नाहीत. रोज दहा कोडी सोडवू दे, "एका चालीत मात" पासून. वीस मिनिटांनी मोबाइल काढून घ्या आणि खऱ्या पटावर खेळायला बसवा, नाहीतर पडद्यावर दिसणारा हत्ती पटावर दिसत नाही. आणि क्लास लावलाच तर सरांना एकच विचारा: मुलांना स्वतःचे डाव लिहायला लावता का? नाही म्हणाले तर परत या.

घोडा_अडीच | १२ एप्रिल, सकाळी ८:४५
डाव लिहिण्याचं अनुमोदन. आमचे कोचही तेच सांगतात. (९०० मध्ये.)

चिंचगूळ | २६ एप्रिल, रात्री १०:३०
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं. रागावू नका.
दोघांनाही ॲबॅकसला घातलं.
शेजारच्याच बिल्डिंगमध्ये आहे, मध्ये रस्ता नाही. साडेनऊ ते साडेअकरा. ताई म्हणाल्या, उशीर झाला तर बारापर्यंत बसवून ठेवीन, माझाही मुलगा असतोच. दोघांचे मिळून २,६००, महिन्याची महिन्याला (@लिंबूसोडा, ऐकलं तुमचं). बुद्धिबळाचा चांगला क्लास पार कर्वेनगरात निघाला, दुपारी अडीचची वेळ, मे महिन्यात. रिक्षाचे जाऊन-येऊन तीनशे. आणि कोण नेणार? ६१७४ मात्र चाललंय. फ्रिजवर कागद लावलाय.

बे_एके_बे | २६ एप्रिल, रात्री १०:४१
_/\_

लिंबूसोडा | २६ एप्रिल, रात्री ११:००
माळ्यावरचा देऊ का? नवा घेऊ नका.

चिंचगूळ | ६ मे, रात्री ९:१५
अपडेट. @लिंबूसोडा, पाटी मिळाली, थँक्यू, आणि सॉरी. चिरंजीवांनी तिसऱ्या दिवशी तिची चौकट सोडवली. वर्गभर मणी. सगळी मुलं बाकांखाली. कन्येने ताईंना सांगितलं म्हणे, "सतरा दांड्या, प्रत्येकी पाच, सतरा पंचे पंच्याऐंशी. आत्तापर्यंत एक्क्याऐंशी मिळालेत." उरलेल्या चारांपैकी तीन आमच्या धाकट्याच्या खिशात होते. एक अजून मिळालेला नाही.
आणि हळदबाजार, विचारलं हो तिला. वॉचमनकाकांचा राजा अडीच घरं उडी मारतो.

हळदबाजार | ६ मे, रात्री ९:२२
बाबांना सांगतो! खूश होतील.

नवी_पालवी | ११ मे, सकाळी ११:३०
नमस्कार, सगळे प्रतिसाद वाचले नाहीत. ठाण्यात घोडबंदर रोडला मुलांसाठी बुद्धीबळ किंवा गणिताचा उन्हाळी क्लास कोणी सुचवेल का? बजेट २,०००.

पूर्णविराम | ११ मे, सकाळी ११:३४
बुद्धिबळ.

घोडा_अडीच | ११ मे, सकाळी ११:४०
ऑनलाइन कोच लावा. ठाणे काय, पुणे काय. आता ९५० झालेत.