सोफ्याचे जहाज झोपेच्या वेळी बंदराला कसे लावावे?

प्रश्न:
माझे मुलगे चार आणि सहा वर्षांचे आहेत. गेल्या आठवड्यापासून सोफा हे जहाज, फरशी हा समुद्र आणि मी, माझी संमती न घेताच, शार्क मासा ठरलो आहे. त्यामुळे वर्तमानपत्र घेऊन खोली ओलांडायची झाली तरी कप्तानाची परवानगी काढावी लागते. मजा येते, हे नाकारत नाही. परंतु रात्र झाली तरी जहाज बंदराला लागत नाही. खेळ न मोडता तो आवरावा कसा?

प्रतिसाद १:
जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसाकाठी किमान १८० मिनिटे हालचाल करावी आणि त्यातील ६० मिनिटे तरी दमवणारी असावीत. हा हिशेब संध्याकाळपूर्वीच मैदानावर चुकता करावा.

प्रतिसाद २:
हुकूम खेळाच्याच भाषेत द्यावा. कल्पनेच्या खेळात मूल त्या भूमिकेचे नियम आपणहून पाळते, असे मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी मांडले होते. आमच्याकडे ‘दात घासा’ हे वाक्य कोणी ऐकत नाही, मात्र ‘तोफा साफ करा’ म्हणताच दोघेही न्हाणीघराकडे धावतात. (तोफा चकचकीत होतात, आरसा मात्र बरबटतो.)

प्रतिसाद ३:
उशा जागेवर ठेवण्याला ‘माल उतरवणे’ म्हणावे.

प्रश्नकर्ता:
काल ‘नांगर टाका’ असे ओरडून पाहिले. दोघे निमूटपणे अंथरुणात शिरले. शार्कला मात्र रात्रभर दाराशी पहारा देण्याचे फर्मान मिळाले.