रॅग्नर लोथब्रोकला इतिहासात नेमके कोणते स्थान द्यावे?

प्रश्न : दर्यावर्दी

नवव्या शतकातील उत्तर युरोपाविषयी वाचताना रॅग्नर लोथब्रोक हे नाव वारंवार समोर येते. आइसलँडमध्ये तेराव्या शतकात लिहिल्या गेलेल्या गाथेनुसार तो डेन्मार्कचा राजा होता, उत्तर इंग्लंडमधील नॉर्थम्ब्रिया राज्याच्या एला राजाने त्याला सापांच्या खड्ड्यात टाकून मारले आणि त्या वधाचा सूड उगवण्यासाठी त्याच्या मुलांनी इंग्लंडवर स्वारी केली. यातील दंतकथेचा भाग वगळला तर हाती काय उरते? आणि फारसे काही उरत नसेल, तर गंभीर इतिहासग्रंथांनाही या माणसाची दखल का घ्यावी लागते? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद : लेखसंग्राहक

समकालीन नोंदींपासून सुरुवात करणे इष्ट. इ. स. ८४५ च्या मार्च महिन्यात १२० जहाजांचा व्हायकिंग ताफा सेन नदीतून वर चढत पॅरिसपर्यंत आला. फ्रँक राजा चार्ल्स द बाल्ड याने आपले सैन्य विभागून नदीच्या दोन्ही तीरांवर उभे केले होते. व्हायकिंगांनी त्यातील लहान तुकडी गाठून तिचा पराभव केला आणि १११ कैद्यांना दुसऱ्या तुकडीच्या डोळ्यांदेखत फासावर लटकवले. अखेर चार्ल्सने ७,००० पौंड चांदी खंडणी म्हणून मोजली, तेव्हा हे संकट टळले. या ताफ्याच्या म्होरक्याचे नाव लॅटिन साधनांत रेगिनहेरी असे येते आणि गाथेतील रॅग्नरची बीजे याच माणसात असावीत, असे अनेक अभ्यासकांना वाटते.

मात्र पुढचा मेळ बसत नाही. पॅरिसच्या सेंट जर्मेन मठातील वृत्तान्ताप्रमाणे रेगिनहेरी डेन्मार्कला परतल्यावर लवकरच रोगाने मरण पावला. एला तर ८६७ मध्ये मारला गेला, त्याच्या फार तर काही वर्षे आधी गादीवर आला होता. त्यामुळे पॅरिस लुटणारा आणि सापांच्या खड्ड्यात मेलेला हे दोघे एकच होते, असे म्हणता येत नाही. माझ्या मते ८४५ चे महत्त्व त्या खंडणीत आहे, कारण फ्रँक राजा लढण्याऐवजी पैसे मोजतो ही वार्ता उत्तरेकडे पोहोचली आणि पुढील काळात अशा मागण्या वाढतच गेल्या.

प्रतिसाद : मृण्मयी

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, परंतु खरा ऐवज ‘मुलांच्या’ इतिहासात आहे, असे मला आवर्जून सांगायचे आहे. इवार आणि हाफडान हे इतिहासात घट्ट पाय रोवून उभे आहेत. ८६५ मध्ये पूर्व अँग्लियात उतरलेल्या मोठ्या सैन्याने पुढच्याच वर्षी नॉर्थम्ब्रियातील यॉर्क घेतले, ८६७ मध्ये ते परत घेण्यासाठी चालून आलेले एला आणि ऑस्बर्ट हे नॉर्थम्ब्रियाचे दोन्ही राजे मारले आणि ८६९ मध्ये पूर्व अँग्लियाच्या एडमंड राजाचा वध केला. पूर्वीचे हल्लेखोर लूट पदरात पडली की परत जात. हे सैन्य मात्र जागोजागी हिवाळी छावण्या करून राहिले, आणि ८७६ मध्ये हाफडानने नॉर्थम्ब्रियाची जमीन आपल्या माणसांत वाटून दिली, त्यानंतर त्यांनी नांगर धरला, असे अँग्लो-सॅक्सन वृत्तान्तात स्पष्ट नोंदवले आहे. यॉर्कशायरमध्ये ‘बी’ किंवा ‘थॉर्प’ने संपणारी गावांची नावे आजही ढिगाने सापडतात, ती या वसाहतीची खूण आहे.

याचा भौतिक पुरावा पाहायचा असेल तर डर्बीशायरमधील रेप्टन पाहावे. ८७३-७४ च्या हिवाळ्यात तेथे या सैन्याचा तळ होता. मध्य इंग्लंडमधील मर्सिया राज्याच्या राजांचे दफनस्थान असलेल्या चर्चलाच तटबंदीत गुंफून त्यांनी तळाला भक्कम केले होते. जवळच्या ढिगाऱ्याखाली किमान २६४ माणसांची हाडे सापडली. सुरुवातीच्या कार्बन चाचण्यांत त्यांतील काही हाडे जास्त जुनी ठरत होती, त्यामुळे ती या सैन्याची नसावीत अशी शंका होती. समुद्री मासे खाणाऱ्यांच्या हाडांचे वय चाचणीत वाढून दिसते हे लक्षात घेऊन २०१८ मध्ये फेरगणना झाली आणि सगळ्या हाडांचा काळ नवव्या शतकाशी जुळला.

प्रतिसाद : उत्तरतारा

एक पुरवणी. ऑर्कनी बेटांवरील मेझहाउ या प्राचीन थडग्याच्या भिंतीवर बाराव्या शतकातील रून लिपीतील कोरीव लेख आहेत. त्यांतील एकात लोथब्रोकचा उल्लेख स्त्री म्हणून आलेला असून तिचे मुलगे शूर होते असे म्हटले आहे. म्हणजे त्या काळातही लोकांच्या स्मरणात मुलगे पक्के होते, त्यांची आई की बाप हे मात्र पक्के नव्हते.

दर्यावर्दी

सर्वांचे आभार. मग रॅग्नर आणि लोथब्रोक ही नावे एकत्र कधी आली, आणि या पित्याची गरज कोणाला भासली?

प्रतिसाद : लेखसंग्राहक

अकराव्या शतकात ज्युमिएजचा विल्यम आणि ब्रेमेनचा अ‍ॅडम हे इतिवृत्तकार अनुक्रमे ब्योर्न (गाथेतील रॅग्नरचा आणखी एक मुलगा) आणि इवार यांच्या पित्याचे नाव लोथब्रोक असे देतात, पण रॅग्नर हे नाव त्याला जोडत नाहीत. उपलब्ध साहित्यात ही जोडी प्रथम दिसते ती बाराव्या शतकात आइसलँडचा इतिहासकार आरी थॉर्गिल्सन याच्या लेखनात. पुढे नॉर्वेच्या हॅराल्ड फेअरहेअर राजाची वंशावळही आईच्या बाजूने रॅग्नरपर्यंत नेली गेली. राजघराण्याला पराक्रमी मूळपुरुष हवा असतो, आणि रॅग्नरने ती गरज भागवली.

परंतु आरीचा उल्लेख केवळ वंशाभिमानाचा नाही, हे मला अधिक मोलाचे वाटते. आइसलँडमध्ये वस्ती केव्हा सुरू झाली हे सांगताना तो म्हणतो की, रॅग्नर लोथब्रोकचा मुलगा इवार याने इंग्लंडच्या संत एडमंडला मारविले त्या सुमारास, म्हणजे ख्रिस्तजन्मानंतर ८७० वर्षांनी. स्वतःच्या देशाच्या कालगणनेची सुरुवात करण्यासाठी त्याला बाहेरची एक सर्वज्ञात घटना हवी होती, आणि त्याने या कुळाची घटना निवडली. बेटावरील सर्वांत जुन्या वस्त्यांचे अवशेष ज्वालामुखीच्या राखेच्या एका ठरावीक थराच्या आगेमागे सापडतात, आणि तो थरही ८७० च्या दशकातलाच निघाला आहे.