गुंतवणूक म्हणून बंदुका आणि काडतुसं घेणं (टेक्सास)

डॅलसकर_नवा

ग्रीन कार्ड हातात आलंय. ४०१के (निवृत्तीचं खातं) आणि इंडेक्स फंड चालूच आहेत, त्याबाहेरचे ८,००० डॉलर बंदुका आणि काडतुसं यांत घालावेत असा विचार आहे. ऑफिसातले लोक म्हणतात, २०२० च्या आधी नाइन एमएम (पिस्तुलाची काडतुसं) भरून ठेवलेल्यांनी तिप्पट केले. दोन-तीन नव्या एआर-१५ रायफली खोकं न फोडता ठेवाव्यात, की कोल्ट कंपनीची एखादी जुनी रिव्हॉल्व्हर घ्यावी? काडतुसं किती घ्यायची, कुठे ठेवायची? विकताना कराचं काय? बायकोचं कार्ड अजून अडकलंय, ती एच-१बी वरच आहे. त्याचा काही संबंध?

कागदवाला

संबंध आहे, आणि भावापेक्षा आधी तोच बघा. एच-१बी, एच-४, एफ-१ अशा व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूकच काय, एक काडतूसही जवळ ठेवता येत नाही. चालू मुदतीचा शिकारीचा परवाना असेल तर अपवाद. ताबा म्हणजे हातात धरणं एवढंच नव्हे. तिजोरीचा कोड बायकोला ठाऊक असेल आणि ती केव्हाही उघडू शकत असेल, तर तोही ताबा धरला जाऊ शकतो. तेव्हा तिजोरी वेगळी घ्या आणि कोड फक्त तुमच्याकडे ठेवा. नाहीतर तिच्या नावाने टेक्सासचा शिकार परवाना काढा. प्रत्यक्ष शिकारीला जायचं तर २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीचं सुरक्षा प्रशिक्षण लागतं. परवाना दर ३१ ऑगस्टला संपतो, ती तारीख चुकवू नका. बंदुकीचा गुन्हा सिद्ध झाला तर ग्रीन कार्डवाल्यालाही देशाबाहेर काढू शकतात.

दुसरं, 'घेतो आणि भाव चढला की विकतो' हे वाक्य जपून वापरा. २०२२ मध्ये कायद्याची व्याख्या बदलली. मुख्यतः नफा मिळवण्यासाठी वारंवार खरेदी-विक्री करणारा आता व्यापारी ठरतो आणि त्याला डीलरचा परवाना लागतो. विनापरवाना व्यापाराला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. स्वतःच्या संग्रहातली एखादी बंदूक कधीतरी विकणं यात येत नाही. मात्र तीन सारख्या एआर सीलबंद ठेवून वर्षभरात विकल्या, तर तो संग्रह आहे हे कुणाला पटवणार? आणि मित्राच्या पैशाने त्याच्यासाठी बंदूक घेऊन दुकानात भरायच्या ४४७३ फॉर्मवर स्वतःला खरा खरेदीदार दाखवणं तर अजिबात नको.

गनपावडर_७२

काडतुसांचं गणित. २०२० च्या सुरुवातीला साधं नाइन एमएम हजाराला १८०-२०० डॉलरला मिळायचं. २०२१ च्या सुरुवातीला तेच ७०० च्या वर गेलं आणि २०२३ पर्यंत २५० च्या आसपास उतरलं. म्हणजे विकायची खिडकी जेमतेम वर्षभराची होती, आणि त्या वर्षात बहुतेकांनी भीतीपोटी विकलंच नाही.

विकणंही सोपं नाही. हजार काडतुसांचं वजन १२ किलो. सरकारी टपाल काडतुसं घेतच नाही, खासगी कुरियर फक्त करार केलेल्या पाठवणाऱ्यांचीच घेतात. राहिलं स्थानिक गिऱ्हाईक, आणि ते दुकानापेक्षा स्वस्त मागतं. शिवाय मूळ खोकं फुटलेलं असलं की काडतुसं कारखान्याची नसून घरी दारू भरून केलेली तर नाहीत ना, ही शंका येते. स्वतः नेमबाजी करत असाल तर दोन वर्षांचा साठा स्वस्तात घ्या, तेवढा खर्च वाचतो. यापलीकडे कमाईची आशा नको.

ठेवताना अटिक आणि गॅरेज दोन्ही टाळा. टेक्सासच्या उन्हाळ्यात अटिक भट्टीसारखं तापतं आणि उष्णतेने दारू लवकर खराब होते. घरातल्या कपाटात, पन्नास कॅलिबरच्या लष्करी लोखंडी डब्यात, कारखान्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांसकट ठेवा. डबा जुना असेल तर झाकणात कागदाची पट्टी धरून बंद करा आणि ओढा. पट्टी सहज निसटली तर रबर गेलंय. आत सिलिका जेल टाका. काडतुसांना तेल लावू नका, ते प्रायमरमध्ये (काडतुसाच्या बुडाची ठिणगी देणारी टोपी) झिरपतं आणि ऐन वेळी बार उडत नाही.

डॅलसकर_नवा

कोडचं लक्षातच आलं नव्हतं. मग नव्या एआर रद्द समजायच्या का? आणि जुन्या कोल्टबद्दल कुणी सांगेल का?

निळी_नळी

नव्या एआर रद्दच. त्या लाखांनी बनतात. २०१२ च्या डिसेंबरनंतर बंदीच्या भीतीने भाव भडकले आणि २०१६ च्या निवडणुकीनंतर ती भीती ओसरली म्हणून कोसळले. छापील किमतीत ११ टक्के संघीय अबकारी आधीच असतो, वर तुमचा ८.२५ टक्के विक्रीकर. दुकानदार परत घेताना ५० ते ७० टक्के देतो. कन्साइनमेंटवर (दुकानात तुमच्या वतीने विकायला) ठेवली तर १० ते २० टक्के कमिशन.

कोल्टमध्ये पायथन ही रिव्हॉल्व्हर बघा. १९५५ ला निघाली तेव्हा किंमत १२५ डॉलर. आजच्या महागाईने ते साधारण १,५०० होतात. २००५ ला उत्पादन थांबलं, जुन्यांचे भाव चढले, आणि जानेवारी २०२० मध्ये कंपनीने नवी पायथन १,४९९ ला बाजारात आणली. वापरायला पायथन हवी असलेलं गिऱ्हाईक तिकडे वळलं. जुन्यात उरले ते संग्राहक, आणि त्यांना फक्त अस्सल माल लागतो.

पारख इथेच लागते. पुन्हा पॉलिश करून ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) केलेली बंदूक नवीकोरी दिसते आणि किंमत निम्म्यावर येते. ओळखायचं असं: उजेडात तिरकी धरा. नळीवरच्या अक्षरांच्या आणि उभ्या घोड्याच्या चिन्हाच्या कडा बोथट दिसल्या, स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट झाल्या असतील, तर तिच्यावर बफ (पॉलिशचं चाक) फिरलाय. स्क्रूच्या खाचा चुरगळल्या असतील तर कुणीतरी आतली कामं केली आहेत. मग मालकाची परवानगी घेऊन, ती रिकामी आहे हे स्वतः पाहून, बोटाने सिलिंडरला (काडतुसांचा फिरता भाग) हलका अडसर द्या आणि घोडा (मागचा हॅमर) अगदी सावकाश मागे ओढा. घोडा पूर्ण मागे जाण्याआधी सिलिंडर अडकला पाहिजे. तोवर सिलिंडर अडकला नाही तर टायमिंग गेलंय. हे पायथनचं जुनं दुखणं आहे, आणि ते नीट दुरुस्त करणारे कारागीर मोजकेच उरलेत. सहाही घरांवर करून बघा. खोक्यावरचा नंबर बंदुकीशी जुळतो का तेही पाहा. रिकामी खोकीसुद्धा वेगळी विकली जातात.

भाव बघायचा तो गनब्रोकर या लिलावाच्या साइटवर विकल्या गेलेल्या नोंदींचा. मागितलेला भाव कुणीही काहीही लिहितो.

चामड्याच्या पाकिटात ठेवून विसरू नका. चामड्यातले क्षार आणि आम्लं ओल धरतात, काही महिन्यांत ब्लूइंगवर खड्डे पडू शकतात आणि ते निघत नाहीत. सिलिकॉन लावलेलं कापड आणि तिजोरीत हवा गरम ठेवून ओल कमी करणारी विजेची दांडी पुरते.

कागदवाला

वरच्यात भर. ५० वर्षांहून जुनी बंदूक 'क्युरिओ अँड रेलिक' (संग्राह्य जुन्या बंदुका) या वर्गात येते. त्याचा संग्राहक परवाना तीन वर्षांना ३० डॉलर, अशा बंदुका थेट घरपोच घेता येतात, पण नोंदवही ठेवावीच लागते. हा परवाना संग्रहाचा आहे, व्यापाराचा नाही.

कर: नफा झाला तर भांडवली नफा. जुनी बंदूक संग्राह्य वस्तूत धरली गेली तर दीर्घ मुदतीचा दर २८ टक्क्यांपर्यंत जातो. खरेदीची पावती सांभाळा. आणि घराच्या विम्यात बंदुकांच्या चोरीची मर्यादा बघा, बऱ्याच पॉलिसींत ती २,५०० डॉलरच असते.

कुणी मशीनगन सुचवली तर: मे १९८६ पासून खासगी मालकीसाठी नवी नोंदणी बंद आहे, म्हणून भाव चढत आलेत. बरीशी घ्यायची तर आकडा पाच अंकी होतो, तुमच्या ८,००० मध्ये बसत नाही. आणि कायद्याने पुरवठा रोखल्यामुळे चढलेला भाव कायदा बदलला तर एका दिवसात उतरू शकतो.

डॅलसकर_नवा

आधी तिजोरी आणि शिकार परवाना, मग एकच पायथन. पुढे पुण्याला परत जायचं ठरलं तर ती सोबत नेता येईल का?

गनपावडर_७२

त्या भरवशावर घेऊ नका. तिकडे आधी भारतीय शस्त्र परवाना हवा, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. निघायच्या चार-सहा महिने आधी इथेच कन्साइनमेंटला टाका. शेवटच्या आठवड्यात विकायला गेलात तर दुकानदार तुमचं विमानाचं तिकीट बघून भाव सांगेल.