नागपुरात ३०ची मर्यादा म्हणजे बैलगाडी?

तर्रीपोहे: काल इथे कोणी तरी लिहिलं, "शहरात ताशी ३० किमीची वेगमर्यादा लावली तर बैलगाडीच घेतो." तेव्हापासून डोकं तापलं आहे. भाऊ, संध्याकाळी व्हेरायटी चौकात तुमची गाडी ३०नं तरी निघते का? सुसाट निघते ती रात्री, रस्ता मोकळा दिसला की. ५०च्या वेगात ब्रेकवर पाय जाईस्तोवर, एका सेकंदात, गाडी १४ मीटर गेलेली असते. ३०ला ८. मधल्या ६ मीटरमध्येच एखादी म्हातारी असते.

वर्धारोडवाला: बैलगाडीवाला मीच. २०१८च्या केंद्राच्या अधिसूचनेत शहरात कारला ७०, दुचाकीला ६० आहे. तुम्ही ३० कुठून काढलं? अन् लोक मोबाइल पाहत मध्येच येऊन राहिले, त्याचं काय?

तर्रीपोहे: ७० ही कमाल आहे हो, तेवढं पळवाच असं नाही. राज्याला त्याखाली आणता येते.

मानेवाडाकर: चालायचं कुठून ते सांगा पहिले. सिमेंट रस्ता इतका उंच केला की आमचं फाटक खड्ड्यात गेलं. पाऊस आला की पाणी थेट अंगणात.

गोकुळपेठी: आमच्या दोन पायऱ्या गाडल्या गेल्या. २०२३च्या सप्टेंबरात पाणी घरात होतं.

वर्धारोडवाला: ते अंबाझरी तलाव ओसंडल्यामुळे. सिमेंटचा काय संबंध?

गोकुळपेठी: तुम्ही तिसऱ्या माळ्यावर राहता वाटते.

वर्धारोडवाला: माझ्या माळ्यावर काहून चढता? विषय वेगाचा आहे.

रिंगरोडची_ताई: मग वेगाचंच ऐका. आई भाजी घेऊन दुभाजकावर ताटकळत उभी होती. एका बाइकचा आरसा थैलीला लागला, टमाटे रस्ताभर. आई पडली नाही. पण आता समोरच्या किराणा दुकानात जायलाही ऑटो करते. ऑटो पुढून वळसा मारून आणतो. रस्ता ओलांडायचं भाडं!

वर्धारोडवाला: आईंना नमस्कार सांगा. बरं बाप्पा, वस्तीत न् शाळेपुढे ३० करा. वर्धा रोडला हात लावू नका.

तर्रीपोहे: उपकार झाले. वर्धा रोडवर तुमच्यासाठी उड्डाणपूल आहे, त्याच्याही वर मेट्रो. खालचा रस्ता तरी पायी माणसाला सोडा ना.

वर्धारोडवाला: पुलावर चढायचं चुकलं की खालूनच जावं लागते, राजेहो.

मानेवाडाकर: माझ्या फाटकाचं कोणी बोलून नाही राहिलं.