निसर्गातले रंग आणि नक्षी चित्रात आणताना त्यांचा जिवंतपणा कसा टिकवावा?

प्रश्न
नमस्कार. मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढते. रोज सकाळी एखादे पान, फूल किंवा शेंग समोर ठेवून रेखाटन करण्याचा नेम मी सहा वर्षे मोडलेला नाही आणि त्याने हात बसला, नजरही तयार झाली. मात्र वहीतले तेच पान कामाच्या चित्रात आणले, की ते केवळ शोभेचे होऊन बसते. रंग हुबेहूब जुळवले तरी निर्जीव वाटतात. निरीक्षणातून स्वतःची रंगसंगती आणि नक्षी कशी घडवावी, याबद्दल आपला अनुभव कृपया सांगावा.

प्रतिसाद १
रंग हुबेहूब जुळवणे हेच मला अडचणीचे मूळ वाटते, कारण कोणताही रंग एकटा दिसत नाही, शेजारच्या रंगासह दिसतो. फ्रान्समधील गोबलँ या चित्रपट्ट विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचा विभाग सांभाळणारे रसायनतज्ज्ञ शेव्रल यांच्याकडे काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली, तेव्हा दोष रंगद्रव्याचा नसून शेजारच्या धाग्यांच्या रंगांचा असल्याचे त्यांनी ओळखले. त्यांचे विवेचन १८३९ मध्ये प्रसिद्ध झाले. पिवळे पडत चाललेले पान पाहा. अनेक पानांत शिरांलगतचा हिरवा सर्वांत शेवटी जातो, आणि पिवळ्याच्या मोठ्या पसाऱ्यात ती बारीक ओळ अगदी ताजी वाटते. तोच हिरवा कोऱ्या कागदावर वेगळा लावला तर मळकट निघतो. म्हणून मी वहीच्या कडेला रंगांच्या पट्ट्या काढतो, ज्या रंगाची व्याप्ती जास्त त्याची पट्टी रुंद, आणि कामाच्या चित्रात पान न घेता ते प्रमाण तेवढे घेतो. अशा एका पानाच्या प्रमाणावर मी रात्रीचा रस्ता रंगवला आहे.

प्रतिसाद २
नक्षीसाठी बाह्यरेषेपेक्षा वाढीचा नियम उचलावा, असे माझे ठाम मत आहे. सूर्यफुलाच्या चकतीत बियांची वळणे अनेकदा एका दिशेने ३४ आणि उलट दिशेने ५५ भरतात, कारण प्रत्येक नवी कळी आधीच्या कळीपासून सुमारे १३७.५ अंशांवर धरते. मी हा कोन कोनमापकाने मोजत ठिपके देत गेले आणि बियांच्या जागी मासे काढले. सूर्यफूल ओळखू आले नाही, पण इतकी दाटी असूनही चित्र कोंडल्यासारखे वाटले नाही. सलग जुळणाऱ्या नक्षीसाठी कागदाच्या मधोमध रेखाटन करून कडा कोऱ्या ठेवाव्यात, मग कागद उभा-आडवा कापून चारही तुकडे तिरपे अदलाबदल करावेत, म्हणजे कोरे कोपरे मध्यभागी येतात आणि तेथे भरायची पोकळी समोर दिसते. संगणकावर हे क्षणात होते, तरी एकदा कात्रीने करून पाहावे.

प्रतिसाद ३
कीटकांचा अभ्यास करणाऱ्या चित्रकार मारिया सिबिला मेरियान १६९९ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, मुलीला सोबत घेऊन दक्षिण अमेरिकेतील सुरिनामला गेल्या आणि तेथील कीटक त्यांनी त्यांच्या अन्नवनस्पतींसह, अळी, कोश आणि फुलपाखरू एकत्र दाखवत रंगवले. त्यांच्या चित्रांतली पाने कुरतडलेली आहेत. आपण खुडून आणलेले पान रेखाटता, त्यामुळे त्याला कोणी खाल्ले, त्याच्याआड कोण लपले, हे सारे झाडावरच राहून जात असावे. मुलांच्या पुस्तकात तर पानाला पडलेल्या त्या भोकापासूनच गोष्ट सुरू होऊ शकते.

प्रश्नकर्तीचे उत्तर
सर्वांचे मनापासून आभार. जुन्या वह्या चाळल्या, तेव्हा लक्षात आले की किडके पान मी दरवेळी बाजूला सारत आले आहे. आज मुद्दाम कुरतडलेले घेतले. भोकाच्या कडेला केसाएवढी तपकिरी किनार आहे आणि तिच्याबाहेर फिकट पिवळे कडे आहे. पट्ट्या काढल्या, तेव्हा तपकिरीच्या वाट्याला पेन्सिलच्या रेषेइतकीच जागा आली, पण ती बोटाने झाकली की बाकीचे रंग निस्तेज दिसतात. कात्रीचा प्रयोग रविवारी करून कळवते.